प्रतिसाद: चित्रांसाठी टेबल वापरावे का?

वेबपानावर मजकुराशेजारी चित्र नीट बसत नसेल तर सरळ टेबल (ओळी आणि रकान्यांचा तक्ता) वापरावे, असे या चर्चेत एकाने सुचवले आहे. त्यात थोडी भर घालतो. २००० च्या सुमारास दादरच्या एका छोट्या कार्यालयात मीही हेच करत असे, कारण सीएसएसची (पानाची मांडणी आणि रूप ठरवणाऱ्या भाषेची) पहिली आवृत्ती १९९६ साली आली असली तरी तेव्हाचे ब्राउझर ती धडपणे पाळत नसत. एका गणेशोत्सव मंडळाच्या पानावर मी टेबलात टेबल घातले होते, रकाने ताणून धरायला एक पिक्सेलची पारदर्शक चित्रे पेरली होती, आणि टेबल बंद करणारा एक टॅग (कोडमधली खूण) राहून गेल्यामुळे नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझरमध्ये अख्खे पान कोरे दिसत होते. तो शोधता शोधता शेवटची विरार लोकल चुकता चुकता राहिली.

खरी अडचण वाचनक्रमाची आहे. स्क्रीन रीडर, म्हणजे दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारा प्रोग्राम, टेबल ओळीओळीने वाचतो. त्यामुळे लेख टेबलाच्या दोन-तीन ओळींत विभागून शेजारच्या रकान्यात चित्रे ठेवली, तर ऐकणाऱ्याला परिच्छेदांच्या मध्येच भलत्याच चित्राचे वर्णन ऐकू येते. मोबाइलवर रकाने आपोआप एकाखाली एक येत नाहीत, हे वेगळेच. एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या मूळ कोडमध्ये, लेख आणि चित्रे योग्य क्रमाने लिहून मांडणी सीएसएसमधल्या ग्रिड या सोयीवर सोपवावी. २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत ती आहे.

ईमेलने पाठवायच्या पत्रकांत मात्र अजूनही टेबलच धरावे, कारण विंडोजवरचे नेहमीचे आउटलुक हे ईमेल सॉफ्टवेअर २००७ च्या आवृत्तीपासून मजकूर ब्राउझरच्या नव्हे, तर वर्डच्या इंजिनाने दाखवत आले आहे, आणि त्याला ग्रिड कळत नाही. अशा टेबलाला कोडमध्ये ‘प्रेझेंटेशन’ हा रोल तेवढा द्यावा, म्हणजे ते केवळ मांडणीसाठी आहे हे स्क्रीन रीडरला कळते.