मदत हवी आहे: केकमधल्या चेरी तळाला जाऊन बसतात

स्वरा_के: आज तिसऱ्यांदा तेच झालं. केक छान फुगला, रंगही मस्त, कापला तर वरचा सगळा साधा आणि खाली लाल चिखल. रविवारी सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे आणि मी सगळ्यांना सांगून बसलेय की केक घरचाच. मैदा लावून टाका हे सांगू नका, केलंय. लवकर सांगा प्लीज.

मुलुंडकर: अंड्याचा की बिनअंड्याचा? ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) की कुकर? चेरी कसल्या?

अनघा७१: मैदाच लावा, पण नीट. माझ्या ३० वर्षांत एक चेरी खाली गेली नाही.

ओव्हनवाला: मैद्याने काही होत नाही ताई, पीठ पातळ असेल तर मैदा लावलेली चेरीसुद्धा बुडतेच. आधी पिठाचं बोला.

अनघा७१: तुम्ही बोला, मी केक करते.

रमाकाकू: सुका मेवा आदल्या रात्री संत्र्याच्या रसात भिजवायचा, केक चार दिवस मऊ राहतो.

स्वरा_के: काकू, मऊच आहे हो, चेरीचं सांगा. बिनअंड्याचा, कंडेन्स्ड मिल्कचा, ओटीजीत १८०ला. चेरी डब्यातल्या, पाक निथळून अख्ख्या टाकल्या. पीठ घट्ट वाटलं म्हणून अर्धा कप दूध वाढवलं.

ओव्हनवाला: हे आत्ता सांगताय! अर्धा कप म्हणजे डोशाचं पीठ झालं की. चमचा उलटा केला तर पीठ धप्पकन पडायला हवं, धार लागली की चेरी गेली. आणि पाक नुसता निथळून जात नाही, चिकट असतो, कोमट पाण्यात धुवा, फडक्यावर पसरून कोरड्या करा, मग चार तुकडे करा, अख्खी चेरी जड. केकच्या मैद्यातलाच चमचाभर (मापातलाच, जास्तीचा नको) तुकड्यांना चोळा. टिनमध्ये आधी थोडं नुसतं पीठ, मग चेरीवालं.

अनघा७१: म्हणजे मैदा लागतोच ना शेवटी!

कोकणी_फणस: त्या डब्यातल्या स्वस्त लाल चेरी म्हणजे बऱ्याचदा आपली करवंदं असतात, रंगवून पाकात घातलेली. आणि टूटीफ्रूटी कच्च्या पपईची. आमच्याकडे मे महिन्यात करवंदं फुकट, पोरं तोंडं काळी करून हिंडतात.

मुलुंडकर: करवंद असो की चेरी, बुडतंय तेच.

स्वरा_के: आत्ता छोट्या टिनमध्ये अर्ध्या मापाने केला. दूध नाही वाढवलं, १६०ला ठेवला, जरा जास्त वेळ लागला. कापला तर मधोमध आहेत!! तळाला दोनच गेल्या, त्या बहुतेक घाईत अख्ख्या राहिलेल्या. रविवारी दुप्पट मापाला टिन केवढा घेऊ?

रमाकाकू: रस ताज्या संत्र्याचाच घ्या हं.