न्यू जर्सीत कायदा असूनही आयव्हीएफचा क्लेम का नाकारला गेला?

अश्विनी: नमस्कार. आम्ही गेली सहा वर्षे एडिसनला राहतो. न्यू जर्सीच्या २००१ च्या कायद्यानुसार ५० पेक्षा अधिक व्यक्तींच्या गट-विम्यात आयव्हीएफचा खर्च, बीजसंकलनाच्या चार फेऱ्यांपर्यंत, मिळतो असे वाचून आम्ही निर्धास्त होतो. माझ्या यजमानांच्या कंपनीत हजारो कर्मचारी आहेत आणि कार्डावर मोठ्या विमा कंपनीचे नाव आहे. तरीही ‘हा उपचार आपल्या योजनेत समाविष्ट नाही’ असे एका ओळीचे पत्र आले. इंजेक्शनांची खोकी फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवली आहेत आणि पुढच्याच आठवड्यात उपचार सुरू व्हायचे आहेत. कायदा असताना असा नकार देता येतो का?

मेधा: अश्विनी, वाचून फार वाईट वाटले. मात्र कार्डावरच्या नावावर विसंबू नका. मोठ्या कंपन्या पुष्कळदा विमा विकत घेतच नाहीत. उपचारांचे पैसे त्या स्वतः भरतात आणि विमा कंपनीला केवळ क्लेमचे काम पाहण्यासाठी नेमतात. अशा सेल्फ-फंडेड योजनांना, १९७४ च्या ‘एरिसा’ या केंद्रीय कायद्यामुळे, राज्याचे विमा-नियम लागू होत नाहीत. एकाच इमारतीतल्या दोघींपैकी एकीला उपचार मिळावेत आणि दुसरीला नाकारले जावेत, हे मला आजही अन्यायाचेच वाटते. तुमची योजना सेल्फ-फंडेड आहे की फुली इन्शुअर्ड, म्हणजे विमा कंपनीकडून विकत घेतलेली, हे एचआरला आजच लेखी विचारा आणि ‘समरी प्लॅन डिस्क्रिप्शन’ (योजनेत काय मिळते याची माहितीपुस्तिका) मागवून घ्या.

सुजाता: फुली इन्शुअर्ड असली तरी पॉलिसी कोणत्या राज्यात काढली आहे, तेही पाहावे लागते. आमची पॉलिसी टेक्सासमधली निघाली. तिथे विमा कंपनीने आयव्हीएफचे संरक्षण देऊ करणे एवढेच बंधनकारक आहे, ते घ्यायचे की नाही हे मालक ठरवतो, आणि आमच्या मालकाने ते घेतले नव्हते.

मेधा: सुजाताचा मुद्दा महत्त्वाचा आहे. अश्विनी, उत्तर काहीही आले तरी अपील सोडू नका; नकार कळल्यापासून त्यासाठी १८० दिवस मिळतात. पॉलिसी न्यू जर्सीची असेल तर राज्याच्या बँकिंग व विमा खात्याकडे तक्रार करता येते, आणि योजना सेल्फ-फंडेड असेल तर केंद्रीय कामगार खात्याकडे दाद मागावी लागते.

अश्विनी: दोघींचे मनापासून आभार. एचआरला ईमेल पाठवला आहे आणि उपचाराची तारीख पुढे ढकलता येईल का, हे उद्या सकाळी दवाखान्यात फोन करून विचारणार आहे.