मदत हवी आहे: कॉन्टेसाच्या बॉनेटवर घरीच स्कूप बसवायचाय, पत्रा कापू का?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा. घरी १९९४ ची कॉन्टेसा क्लासिक आहे, इसुझूचं १.८ पेट्रोल इंजिन, कार्बोरेटरवालं. बाबांनी घेतलेली, ते गेल्यापासून मी सांभाळतोय. या गाडीचं बॉनेट केवढं लांबरुंद आणि सपाट असतं ते पाहिलेल्यांना ठाऊक आहेच. त्यावर स्कूप, म्हणजे हवा आत घ्यायचं उंचवट्यासारखं तोंड, बसवायचं बाबांच्या मनात होतं. वहीत त्यांनी पेन्सिलीनं काढलेलं चित्र आहे, मापांसकट: रुंदी चौदा इंच, तोंडाची उंची अडीच इंच. ते चित्र मला गाडीवर उतरवायचंय, आणि नुसतं शोभेला नको, खरोखर हवा आत घेणारं हवंय.

त्याला एक कारणही आहे. साखरप्याकडून आंबा घाट चढताना गाडी दम खाते. वर चहाला थांबलो की नंतर स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो. परवा एअर फिल्टरच्या नळीपाशी थर्मामीटर बांधून चाळीसेक किलोमीटर फिरलो. बाहेर ३४ अंश, नळीपाशी ६१. इंजिन एवढी तापलेली हवा ओढतंय.

मी लेथवर काम करतो, हातात कला आहे, पण बॉडीचं काम कधी केलेलं नाही. घरी ग्राइंडर, जिगसॉ, ड्रिल आणि रिवेट गन आहे. स्कूप फायबरचा ओतायचा विचार आहे. अडचण अशी की बॉनेट एकच आहे. कापलं आणि बिघडलं तर दुसरं कुठून आणायचं?

भीती वाटायला अनुभवही कारण आहे. मित्राच्या जीपला एका गॅरेजात फायबरचा स्कूप बसवला होता. कडेनं लांबी (पुट्टी) भरून, घासून, रंग मारून एकसंध केला. सांधा शोधून सापडत नव्हता. पहिल्याच पावसाळ्यात लांबीला केसाएवढी चीर गेली. दिवाळीपर्यंत रंगाला फोड आले. नखानं एक फोड उचकटला तर खाली तपकिरी भुगा. बाबांच्या गाडीचं तसं झालेलं मला बघवणार नाही.

तर सांगा: भोक कुठे पाडायचं, खालच्या रिब (बॉनेटला आतून मजबुती देणाऱ्या पट्ट्या) कापल्या तर चालतात का, फायबर आणि पत्रा जोडायचा कसा, आणि आपल्याकडच्या पावसाचं काय करायचं?

प्रतिसाद

दादा, तुमच्या दोन तक्रारी आहेत आणि दोन्हींचं औषध वेगळं. आधी ते सुटं करू.

घाटात दम खाणं. स्कूपमधून हवा जोरात घुसते आणि ताकद वाढते असं लोक समजतात. १०० च्या वेगालासुद्धा समोरच्या हवेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्का भरत नाही. घाटात तुमचा वेग तीस, तिथे तो धरूच नका. खरा फायदा गार हवेचा. हवा तीन अंशांनी गार झाली की साधारण एक टक्का दाट होते. ६१ ऐवजी ३४ ची हवा मिळाली तर नऊएक टक्के दाट, आणि हे घाटातही मिळतं, कारण हवा इंजिन स्वतःच ओढून घेतं. पण त्यासाठी स्कूपचं तोंड थेट फिल्टरच्या डब्याशी बंदिस्त जोडलेलं पाहिजे. नुसतं भोक पाडून वर स्कूप ठेवला तर हवा इंजिनच्या खोलीत शिरते, बॉनेटखालचा दाब वाढतो आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेलाच अडसर होतो. म्हणजे गाडी उलट जास्त तापायची.

चहानंतर स्टार्ट न होणं. हे बहुतेक कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळल्यामुळे. गाडी उभी राहिली की पंखाही थांबतो आणि एक्झॉस्टची सगळी धग वर येते. त्यावर उपाय म्हणजे कार्बोरेटरखाली उष्णतारोधक पत्रा आणि जाड गॅसकेट. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब न्या. हे काम स्कूपच्या आधी करा, शंभर-दोनशे किलोमीटर चालवून बघा.

आता जागा. बॉनेटच्या पुढच्या काठामागे लगेच हवेचा दाब कमी असतो, तिथे बसका स्कूप काही घेत नाही. मागे काचेच्या पायथ्याशी दाब परत चढतो. १९६९ च्या शेव्हरोले कमॅरोला स्कूपचं तोंड मागे, काचेकडे दिलेलं मिळायचं ते त्याचसाठी. आपल्या पावसाच्या दृष्टीनेही ते मला बरं वाटतं, धो धो पाऊस थेट आत येत नाही. पण बाबांचं चित्र पुढच्या तोंडाचं असेल तर पुढचंच करा, फक्त तोंड पत्र्यापासून इंचभर उचलून घ्या. पत्र्यालगतची हवा मंद असते.

प्रतिसाद

मी पत्राकामातला माणूस, म्हणून सांधा तेवढा सांगतो. मित्राच्या जीपचं बिघडलं ते लांबीमुळेच. तापल्यावर फायबर पोलादापेक्षा जास्त फुगतं, मधली लांबी दोघांच्या ओढाताणीत फुटते. सांधा लपवायचाच नाही. स्कूपला बाहेरून इंचभर कड ठेवा, आतून बोल्ट ओतून घ्या, खाली पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंटची अखंड पट्टी आणि कडेनं रबर बीडिंग. उद्या नको वाटलं तर काढताही येतो.

रिबला हात लावू नका. भोक दोन रिबांच्या मधल्या मोकळ्या पत्र्यातच. कोपरे काटकोनी ठेवू नका. आधी चार कोपऱ्यांना होल सॉ मारा, मग जिगसॉने ते जोडा. काटकोनातून पत्रा चिरत जातो. ग्राइंडरने कापलात तर ठिणग्या काचेवर आणि रंगावर बसतात, त्या निघत नाहीत. कापल्या कापल्या कानस मारून त्याच दिवशी प्रायमर. कोल्हापूरच्या दमट हवेत उघडा पत्रा एक रात्र राहिला तरी लाली धरतो.

प्रतिसाद

फायबर ओतताना एक जिवाची गोष्ट. रेझिनमध्ये घालायचा कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते द्रव्य) आणि हार्डनर एकमेकांत कधीही थेट मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळा, मग हार्डनर, एक ते दोन टक्के. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय डबा उघडू नका. आणि पावसाळ्यात ओतू नका, थर चिकट राहतो.

प्रतिसाद

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच कडक भूमिका घेतली. कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तुमची गाडी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला आरटीओत जात असणार. पत्रा कापायच्या आधी तिथे लेखी विचारा, विमा कंपनीलाही कळवा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. आरटीओत सोमवारी अर्ज देतो.

पत्राकामवाल्या काकांना एक विचारायचंय. काल फिल्टरच्या डब्यावर कणकेचा गोळा ठेवला, वर प्लॅस्टिकचा कागद, आणि बॉनेट हळूच बंद केलं. उघडून गोळा सुरीने कापून मोजला: मध्यावर २२ मिलिमीटर, ड्रायव्हरच्या बाजूला १७. रबराची सील एवढ्यात बसेल का?

प्रतिसाद

बसेल, पण पातळ कडक रबर घेऊ नका. गिअर टाकून रेस दिली की इंजिन फाउंडेशनवर (ज्या रबरी बैठकांवर ते बसतं त्यांवर) बाजूला झुकतं. एकाला ब्रेक आणि क्लचवर बसवा, तुम्ही बाजूला उभं राहून बघा डबा किती हलतो. तेवढं हलणं सोसेल असा मऊ, बंद छिद्रांचा फोम लावा. आणि स्कूपच्या तळाशी, डब्याच्या पुढे, एक आडवी पट्टी उभी करून तिच्या पायथ्याला दोन्हीकडे नळ्या काढा. पाणी पट्टीला अडून नळीतून खाली जाईल, फिल्टर कोरडा राहील. तुमच्या पेन्सिलीच्या चित्रात तेवढी एक रेघ वाढवा.

धागाकर्ता

रेघ वाढवली, बाबांच्याच वहीत. उष्णतारोधक पत्रा या आठवड्यात कापतो. मूळ बॉनेट मात्र कापणार नाही, ते गुंडाळून माळ्यावर ठेवतो. स्कूप दुसऱ्या बॉनेटवरच बसवायचा. सांगली, इचलकरंजी, बेळगाव भागात कुणाच्या भंगारात कॉन्टेसाचं बॉनेट पडलेलं दिसलं तर कळवा. बिजागऱ्यांपाशी गंजलेलं नसावं, बाकी पोचे असले तरी चालेल, ते मी काढतो.