सल्ला हवा: २००२ ची सिटी व्हीटेक, घेण्याआधी काय काय तपासू?

गोदाकाठ_निनाद (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. शाळेत होतो तेव्हा आमच्या गल्लीत एकांकडे होंडा सिटी व्हीटेक होती. संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा आम्ही खेळ थांबवून तिचा आवाज ऐकायचो. आता तशीच एक पाथर्डी फाट्याजवळ बघून आलोय. जून २००२ ची, चंदेरी, एमएच-०२ पासिंग, दुसरा मालक, मीटरवर ९४ हजार. मालक १ लाख ६५ हजार म्हणतोय. माझं बजेट गाडी आणि पहिली दुरुस्ती धरून २ लाख, त्याच्या वर एक रुपया नाही. रोजची गाडी घरात आहे, ही फक्त रविवारी पहाटे त्र्यंबक नाहीतर वणीकडे न्यायची. येत्या रविवारी पुन्हा बघायला जातोय. कुठे कुठे हात लावून बघू? दुसरी कोणती गाडी घ्यावी, हे विचारत नाहीये.

कसारा_टॉप
२ लाखाचे ४ करा आणि पोलो जीटी टीएसआय बघा. १.२ टर्बो, सात गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक). मी गेल्या वर्षी घेतली, इगतपुरी ते नाशिक कळतसुद्धा नाही. २३-२४ वर्षांची गाडी म्हणजे दर महिन्याला गॅरेज.

गोदाकाठ_निनाद
बजेट २ लाखच आहे हो. आणि मला टर्बो नकोच आहे.

मिसळ_आणि_मोटार
स्पोर्टी जुनी गाडी हवी तर पॅलिओ १.६. १०० बीएचपी आणि पत्रा असा की दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखं वाटतं. माझ्याकडे १४ वर्षं आहे, वणीच्या घाटात आजही तिसऱ्या गिअरवर हसत चढते. सिटीचा पत्रा पातळ, आणि खाली इतकी की गंगापूर रोडच्या प्रत्येक गतिरोधकाला पोट घासेल.

अंबड_टूलरूम
धागाकर्त्याने काय विचारलंय ते बघू या का?

मी अशा इंजिनांवर हात मारलेला माणूस आहे, म्हणून सविस्तर लिहितो. सगळ्यात आधी ती खरोखर व्हीटेक, म्हणजे जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणाऱ्या इंजिनाची आहे का ते बघा. याच आकारात १.३ आणि साधी १.५ पण यायची, आणि मागचा व्हीटेकचा बिल्ला कोणीही चिकटवू शकतं. बॉनेट उघडा, हेडच्या (इंजिनाचा वरचा भाग) बाजूला व्हीटेकचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा ऑइलचा व्हॉल्व्ह, आहे का बघा, आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. खऱ्या व्हीटेकचे १०६ बीएचपी आहेत आणि त्यातली मजा वरच्या आरपीएमला आहे. इंजिन पूर्ण तापल्यावर मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरला पाच हजार आरपीएमच्या पुढे न्या. आवाज घट्ट होऊन गाडी पुढे झेपावली पाहिजे. तिथेच मेल्यासारखी झाली तर ऑइल कमी आहे किंवा सोलेनॉइडची जाळी तुंबली आहे. जाळी साफ करणं हे किरकोळ काम, त्यावरून गाडी सोडू नका.

मालकाला फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्याला काहीतरी लपवायचंय. थंड इंजिनाला पहिली चावी मारताना एक जण मागे उभा करा. क्षणभर निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील गेलंय, चालत्या गाडीत दाबल्यावर निळा येत राहिला तर पिस्टनची रिंग. पांढरा धूर आणि कूलंटची पातळी खाली असेल तर हेड गॅस्केट, मग सरळ घरी या.

टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा, कधी बदलला याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड जातं. किलोमीटर कमी झालेत म्हणून भागत नाही, रबर उभ्या उभ्या पण म्हातारं होतं.

रविवार_कारंजा
+१. बेल्ट नक्की बघा. बेल्ट फार महत्त्वाचा.

देवळालीचे_काका
निनाद, गाडी मुंबई पासिंगची आणि २००२ ची. म्हणजे २६ जुलै २००५ च्या पुरात ती मुंबईतच असणार. बाळा, आधी तेवढं बघ, बाकी सगळं नंतर.

मी २००६ साली मुंबईहून अशीच एक चकचकीत गाडी आणली. कंपनीचं नाव घेत नाही, दोष कंपनीचा नव्हताच. आतले गालिचे नवे, सीट कव्हर नवी, अत्तराचा वास. मला वाटलं, माणूस हौशी दिसतोय. पहिल्या हिवाळ्यात काचा वर-खाली होईनात, मग दिवे, मग एक दिवस मुंबई नाक्यावर भर गर्दीत गाडी जी बंद पडली ती टो करून आणली. फिटरने दाराचं आतलं पॅनेल काढलं तर खाली बोटभर वाळलेला चिखल. बाहेरून कोणी धुतलं तरी तिथे कोणाचा हात जात नाही.

तेव्हापासून मी कोणतीही जुनी गाडी बघायला गेलो की सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढतो. पट्ट्याचा सगळे बघतात तो भाग धुतलेला असतो, पण रिळात गुंडाळलेलं शेवटचं हातभर कोणी धूत नाही. तिथे तपकिरी रेघ दिसली की गाडीत पाणी कुठवर होतं ते कळतं. सीटखालचे बोल्ट बघ, स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरव. आणि गालिचा उचलायला मालक नको म्हणाला तर चहा पण घेऊ नकोस, निघून ये.

कसारा_टॉप
काकांचा अनुभव वाचून तर माझं म्हणणं आणखी पक्कं झालं. पोलो.

मीनल_कॉलेजरोड
कागदांकडे कोणीच आलं नाही म्हणून लिहिते. बाबांच्या गाडीचं नुकतंच मीच केलंय. जून २००२ म्हणजे नोंदणीची पंधरा वर्षं २०१७ ला संपली, नंतर पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. २०२२ ला केलेलं असेल तर आरसी जून २०२७ पर्यंत. आणि केलेलंच नसेल तर गाडी आज रस्त्यावर आणणंच बेकायदा आहे, हे आधी विचारा. वीस वर्षांवरच्या कारची नूतनीकरण फी २०२५ पासून १०,००० रुपये झालीये, पर्यावरण कर वेगळा, आणि फिटनेससाठी गाडी दाखवावी लागते. हे तुमच्या दोन लाखांत आत्ताच धरा. महाराष्ट्रातलीच गाडी असल्यामुळे नंबर बदलणार नाही. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोर घ्या, जुनं कर्ज असेल तर बोजा उतरवल्याची नोंद बघा, ई-चलन थकलेलं नाही ना तेही बघा. एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) प्लेट बसलीये का? पैसे दिल्यावर पेठ रोडच्या आरटीओत तुम्हीच चकरा मारणार आहात, मालक फोन उचलणार नाही.

मिसळ_आणि_मोटार
आणि आता सगळीकडे ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. २००२ च्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप त्याला टिकत नाहीत.

रविवार_कारंजा
मी तीन वर्षं तेच पेट्रोल घालतोय, काही झालं नाही.

मिसळ_आणि_मोटार
तुमची २०१८ ची आहे हो. मी २००२ चं बोलतोय.

अंबड_टूलरूम
पाइप बदलता येतात, त्यावर भांडू नका. निनाद, दोन गोष्टी राहिल्या. एक, त्या काळातल्या होंडांमध्ये डॅशखालच्या मेन रिलेचं (पेट्रोल पंपाला वीज देणारा स्विच) सोल्डर वयाने तडकतं. गाडी गरम करा, उन्हात वीस मिनिटं उभी ठेवा आणि मग चालू करा. चावी फिरवल्यावर पेट्रोल पंपाची घुरघुर ऐकू आली पाहिजे. दुसरं, टायरवरचा चार आकडी नंबर वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. जमलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे चारही सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या.

गोदाकाठ_निनाद
जाऊन आलो. मित्र मागे उभा होता, बॉनेट थंड होतं, निळा धूर नाही. सोलेनॉइड आहे, इंजिन नंबर जुळतो. काका, चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढले, पट्टे कोरे आहेत. स्टेपनीचा खड्डा कोरडा. मात्र मागच्या डाव्या गालिच्याखाली तळव्याएवढा पत्र्याचा तुकडा वेल्ड केलेला निघाला. कडेने गंज अजून आहे, नखाने खरवडला तर पापुद्रे निघतात.

टायरवर १२१७. बेल्टचं बिल नाही. कॉम्प्रेशन १७५, १७०, १७२, १६८. आरसी जून २०२७, प्लेट बसलेली आहे. उन्हात उभी केल्यावर पहिल्या दोन चाव्यांना पंप बोललाच नाही, तिसऱ्याला बोलला.

कसारा_टॉप
पत्र्यात वेल्डिंग म्हणजे विषय संपला. सोडा.

देवळालीचे_काका
मीही सोडच म्हणेन. पट्टे कोरे आहेत हे चांगलंच, पण आत गंज शिरला की तो थांबत नाही.

मिसळ_आणि_मोटार
काकांना अनुमोदन. सिडकोत एक पॅलिओ विकायला आहे, हवी तर व्यक्तिगत निरोप करा.

मीनल_कॉलेजरोड
टायर, बेल्ट, रिले, पत्रा, आणि पुढच्या वर्षी आरसी. १ लाख ६५ ला तर अजिबात घेऊ नका.

अंबड_टूलरूम
कॉम्प्रेशन छान आहे, चारही जवळजवळ आहेत. पण तुकडा सिलच्या जवळ आला असेल, म्हणजे दाराखालच्या उंबऱ्याला, तर मीही नको म्हणेन. तिथे ताकद लागते.

गोदाकाठ_निनाद
सिलपासून वीतभर आत आहे, मोजलंय.

मंडळी, घेतली. १ लाख २८ ला. रिले आणि बेल्ट मालकासमोर बोललो तेव्हा त्याने स्वतःच खाली आणलं. तुम्ही सगळे सोड म्हणालात ते पटलंय, पण दुसऱ्या गिअरला पाच हजारांच्या पुढे जो आवाज आला तो ऐकल्यावर मला परत फिरवेना. मित्राने शेजारी बसून डॅशबोर्ड धरला होता. उरलेल्या ७२ हजारांत टायर, बेल्ट, रिले, पेट्रोलचे पाइप आणि पत्रा बसवायचं ठरवलंय, आणि मीनलताईंनी सांगितलेले आरसीचे पैसे वेगळे काढून ठेवलेत. बेल्ट बदलेपर्यंत गाडी घराबाहेर काढणार नाही. काका, तुमचं ऐकलं नाही, राग मानू नका.

देवळालीचे_काका
राग कसला. गालिचा परत लावू नकोस, आधी गंज पूर्ण खरवडून प्रायमर मार. आणि पावसाळ्याआधी एकदा देवळालीत घेऊन ये, मला तो आवाज ऐकायचाय.

अंबड_टूलरूम
बेल्टसोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंपही घ्या. तो त्याच बेल्टवर फिरतो, नंतर पुन्हा तेवढंच उघडावं लागेल.