चौलवाडी परिवार ग्रुप, मे २०१९ : पीटर्सबर्गला उतरायचं कसं?

सुधाआत्या: एजंटचा आज परत फोन. ३१ तारखेच्या आत आपल्या जुलैच्या क्रूझमधल्या पीटर्सबर्गच्या दोन दिवसांच्या टूरचे पैसे भरा म्हणतो, जहाजाचीच टूर घ्यावी लागते, नाही घेतली तर दोन्ही दिवस जहाजात बसायचं आणि रशिया खिडकीतून बघायचा. माणशी आकडा ऐकून मी खुर्चीत बसले. काय ते एकदा ठरवा बाई सगळ्यांनी मिळून, दर वेळी फोन माझ्याच नंबरवर का येतात तेही कळत नाही

नंदूकाका: भरून टाका. परदेशात प्रयोग नकोत.

विलासकाका: दादा प्रयोग नकोत म्हणतोय म्हणजे सूर्य कुठे उगवला बघा रे 😂

सुधाआत्या: विलास अंदमान काढू नकोस

विलासकाका: मी कुठे काढलं. तूच काढलंस

मंदारदादा: आत्या, पैसे भरू नका एवढ्यात. इथले माझे दोन कलीग मागच्या वर्षी याच रूटने गेले होते. जहाजाची टूर कंपल्सरी नाहीये. प्राजक्ताने वाचलंय सगळं, ती सांगेल

शेखरमामा: एक मिनिट. माझा मित्र पीटर्सबर्गला एकटा फिरून आला. व्हिसा नाही, टूर नाही, गाईड नाही. नेव्हस्की रस्त्यावर निवांत कॉफी पीत बसला होता, फोटो आहे माझ्याकडे. हे सगळे एजंट लोकांचे धंदे आहेत

प्राजक्ता: मामा थांबा, आधी नियम लिहिते मग भांडू. रशियाचा व्हिसा आपल्यापैकी कोणीच काढलेला नाही, बरोबर? पण क्रूझने किंवा फेरीबोटीने आलेल्या परदेशी माणसाला ७२ तास व्हिसाशिवाय राहता येतं, २००९ पासून आहे हे. अट एकच, की तुम्ही लायसन्स असलेल्या रशियन टूर कंपनीच्या टूरवर असलं पाहिजे. कंपनी कुठली ते नियमात नाही. जहाजवाले सुद्धा टूर तिथल्याच कंपनीकडून करून घेतात आणि वर आपलं कमिशन लावतात. आपण थेट बुक केलं की ती कंपनी प्रत्येकाच्या नावाचं, पासपोर्ट नंबर घातलेलं टूर तिकीट मेलवर पाठवते. ते प्रिंट काढून पासपोर्टबरोबर इमिग्रेशनला दाखवायचं, बाहेर गाईड पाटी घेऊन उभा असतो

प्राजक्ता: मी दोन कंपन्यांचे रेट मागवले, दोघांचेही जहाजाच्या जवळपास निम्मे आहेत. ग्रुप १६ जणांचा. आपण ११ आहोत, एक वेगळी व्हॅनच मिळेल. आगाऊ पैसे नाहीत, टूर झाल्यावर द्यायचे. आणि हवामानामुळे जहाज तिथे लागलंच नाही तर काहीच द्यायचं नाही, हे दोघांनीही लेखी दिलंय

सुधाआत्या: निम्मे??? मग हा मेला मला रोज काय सांगत होता

नंदूकाका: स्वस्तात मस्त दाखवणारे खूप असतात. उशीर झाला तर जहाज थांबेल का? जहाजाची टूर असेल तर थांबतं. बाहेरच्यासाठी थांबत नाही. अंदमानात जिरकाटांगच्या नाक्यावर काय झालं होतं आठवतंय ना सगळ्यांना.

विलासकाका: हो. गाड्यांचा पहाटेचा कॉन्व्हॉय चुकला होता. जीप कोणी ठरवली होती तेही आठवतंय

नंदूकाका: ड्रायव्हर उशिरा आला त्याला मी काय करणार.

सुधाआत्या: झालं. घ्या. तरी मी म्हणत होते

वैशालीवहिनी: सगळ्यांना नमस्कार. सगळ्यांनी आपापल्या शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) स्टिकरचा फोटो टाकाल का प्लीज? नंबर झाकला तरी चालेल, नंबर ऑफ एन्ट्रीज तेवढं दिसू दे

विलासकाका: बाकी काही म्हणा, व्हिसा वगैरे आपल्याला काय शिकवता. आपल्या चौलला १५व्या शतकात अफानासी निकितिन आला होता, रशियन व्यापारी, घोडा घेऊन. रेवदंड्याला स्मारक आहे त्याचं, एसटी स्टँडवरून कोणीही सांगेल. त्याला कोणी विचारला होता का व्हिसा? आता आपण परतीची भेट द्यायला चाललोय तर म्हणे टूर तिकीट दाखवा

प्राजक्ता: काका, तो निकितिन पुढे जुन्नरला गेला तेव्हा तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला होता आणि धर्म बदललास तरच परत देईन म्हणाला. इंडिपेंडंट टूर होती ना 😂

विलासकाका: मिळाला का घोडा?

प्राजक्ता: मिळाला. ओळखीचा एक माणूस मध्ये पडला

विलासकाका: म्हणजे तेव्हापण ओळखच लागायची

शेखरमामा: विषय भरकटतोय. मी परत सांगतो. माझा मित्र एकटा फिरला. टूर घेतली नव्हती. फोटो टाकतोय

शेखरमामा: (फोटो)

सुधाआत्या: यात शेखरराव नुसता कप दिसतोय

मंदारदादा: मामा, तो क्रूझने गेला होता की हेलसिंकीवरून फेरीने?

शेखरमामा: बोटीने

मंदारदादा: अहो दोन्ही बोटीच. रात्री हेलसिंकीला बसला आणि सकाळी पीटर्सबर्गला उतरला असं होतं का?

शेखरमामा: विचारतो. पण बोट ती बोटच

प्राजक्ता: नाही मामा, इथेच सगळ्यांचा घोळ होतो. त्या फेरीवाल्यांकडून बंदरातून गावात जायची शटल बस घ्यावी लागते आणि कागदावर तीच बस ‘सिटी टूर’ म्हणून धरली जाते. ती गावात सोडते आणि मग माणूस मोकळा. क्रूझमधून उतरलात तर टूर तिकीट लागतं, आणि टूर संपली की गाईड परत बंदराच्या दारात आणून सोडतो. मध्येच ‘तुम्ही व्हा पुढे, मी जरा दुकान बघून येतो’ चालत नाही. विलासकाका तुमच्यासाठी लिहिलंय हे

विलासकाका: संध्याकाळचं काय? जुलैत तिकडे रात्री उशिरापर्यंत उजेड असतो ना. जेवून जरा पाय मोकळे करायला निघालो तर?

प्राजक्ता: नाही सोडणार. संध्याकाळी उतरायचं तर संध्याकाळचीही टूर बुक पाहिजे. कालव्यातून बोट फिरवतात ती घेऊ शकतो. रात्री एकनंतर नेवा नदीवरचे पूल उघडतात, मोठी जहाजं जायला, ते बघायलाही रात्रीची टूर असते, पण आपल्यात जागं कोण राहणार

नंदूकाका: जहाजाच्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलंय. व्हिसा नसेल तर फक्त आमच्या टूरवर उतरता येईल. छापील आहे. माझ्याकडे कागद आहे.

मंदारदादा: काका छापणारच, विकायचंय त्यांना

नंदूकाका: तुमचं ठीक आहे रे. तुमच्याकडे अमेरिकन पासपोर्ट. अडवलं तर आम्हाला अडवतील, तुम्ही पुढे जाऊन फोटो टाकाल.

मंदारदादा: काका हा नियम सगळ्या परदेशी लोकांना सारखाच आहे. माझ्याकडेही रशियाचा व्हिसा नाहीये. मीही तेच तिकीट दाखवणार

सुधाआत्या: दादा असं बोलू नकोस त्याला, एवढ्या लांबून आपल्याबरोबर यायचं म्हणून रजा टाकलीये त्याने

नंदूकाका: मी काही बोललो नाही. वस्तुस्थिती सांगितली.

वैशालीवहिनी: व्हिसाचे फोटो राहिलेत. प्राजक्ता आणि आत्यांचे आले, दोघींचे एमयूएलटी आहे, म्हणजे मल्टिपल. ओंकारचा आणि माझाही मल्टिपल. बाकीच्यांनी टाका प्लीज. बाबा तुमचा आणि आईंचा पण

सुधाआत्या: खायचं काय तिथे? मी आणि माई शाकाहारी

विलासकाका: मेथीचे ठेपले. सुटकेसमध्ये पहिला थर ठेपल्यांचा, दुसरा कपड्यांचा

प्राजक्ता: दुपारचं जेवण टूरमध्येच असतं, व्हेज आधी कळवायचं. बीटचं सूप, बटाट्याचं सारण घातलेली पिरोश्की. बरं आता मेन मुद्दा ऐका, आपण तिथे रविवार-सोमवार आहोत. सोमवारी हर्मिटाज म्युझियम बंद असतं. पीटरहॉफचा राजवाडाही आतून बंद, पण बाग आणि कारंजी चालू. म्हणून रविवारी हर्मिटाज आणि रक्तावरचं चर्च, सोमवारी कॅथरीन पॅलेस आणि पीटरहॉफची बाग असं सांगितलंय मी. जहाजाच्या टूरमध्ये सोमवारी दुपारी ‘शहर दर्शन बसमधून’ असं काहीतरी आहे, आत जाणं नाहीच

सुधाआत्या: कॅथरीन पॅलेसमध्ये ती पिवळी खोली ना?

प्राजक्ता: हो, अंबर रूम. मूळची १९४१ मध्ये जर्मनांनी उचकटून नेली, ती आजतागायत सापडली नाही. आत्ता आहे ती नव्याने घडवलेली, २००३ ला पूर्ण झाली. आणि पीटरहॉफला रोज सकाळी ११ ला संगीत लावून कारंजी सुरू करतात, ते गाठायचं म्हणजे आधी पीटरहॉफ आणि मग पॅलेस, असा क्रम हवा. गाईडला सांगितलं की तो करतो, ही छोट्या ग्रुपची मजा. ४० जणांच्या बसमध्ये कोण ऐकणार तुमचं

विलासकाका: माईला किती चालायचंय? गुडघे

प्राजक्ता: हर्मिटाज मोठं आहे, तीस लाखांवर वस्तू आहेत तिथे, आपण फार तर दोन-तीन तास. व्हीलचेअर सांगून ठेवलीये. आयझॅक चर्चच्या वर जायला २६२ पायऱ्या आहेत, तो भाग गाळलाय. त्याऐवजी मेट्रो, सरकते जिने आहेत. आव्तोव्हो स्टेशनला काचेने मढवलेले खांब आहेत, १९५५ चं स्टेशन, जहाजाच्या टूरमध्ये ते नाही

शेखरमामा: मित्राला विचारलं. फेरीच होती. हेलसिंकीहून. पण तरी तो एकटा फिरला हा मुद्दा उरतोच

विलासकाका: शेखरराव 🙏

नंदूकाका: उशिराच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही.

प्राजक्ता: काका दिलंच नाही, खरंय. दुसऱ्या दिवशी जहाज संध्याकाळी ६ ला सुटतं, सगळे आत साडेपाचपर्यंत. टूर ३ ला बंदरात परत, मी साडेतीन पण नको म्हटलंय. तरी समजा चुकलं तर जहाज थांबणार नाही, हा धोका आहेच, तो नाही असं मी म्हणत नाही. आणि आपल्याकडे रशियाचा व्हिसा नसल्यामुळे तिथे अडकणं म्हणजे हेलसिंकीला ट्रेन पकडली इतकं सोपं नाही. पण दुपारी ३ आणि साडेपाच यात अडीच तास आहेत

नंदूकाका: अडीच तास बरे आहेत. ट्रॅफिक?

प्राजक्ता: सोमवार दुपार, असतो थोडा. म्हणूनच ३

सुधाआत्या: इमिग्रेशनला एकटं जायचं का? गाईड बाहेर म्हणालीस. तिथे रशियनमध्ये काही विचारलं तर

प्राजक्ता: काही विचारत नाहीत आत्या, पासपोर्ट आणि टूर तिकीट काचेखालून द्यायचं. पण पासपोर्ट लक्षात ठेवा. काही वेळा जहाज पासपोर्ट ठेवून घेतं, आदल्या रात्री रिसेप्शनवरून मागून घ्यायचा. केबिनमध्ये विसरलात तर परत मागे

वैशालीवहिनी: माफ करा, तिसऱ्यांदा लिहितेय. रशियापेक्षा मला याचीच काळजी आहे. आपण कोपनहेगनला शेंगेनमध्ये शिरणार. टॅलिन पण शेंगेन. मग पीटर्सबर्ग म्हणजे शेंगेनच्या बाहेर. मग हेलसिंकी, म्हणजे परत शेंगेनमध्ये एन्ट्री, दुसरी. व्हिसावर ०१ असेल तर हेलसिंकीला आत घेणार नाहीत, आणि तसं असेल तर कोपनहेगनला जहाजावर चढवायच्या आधीच अडवतील. बाबा, प्लीज तुमचा आणि आईंचा बघा

नंदूकाका: व्हिसा आला आहे. मी बघितला आहे. फोटो नीट आला आहे.

वैशालीवहिनी: हो बाबा, पण फोटोच्या बाजूला नंबर ऑफ एन्ट्रीज लिहिलंय तिथे काय आहे?

विलासकाका: माझा एमयूएलटी. हिचा पण. हुश्श

शेखरमामा: माझा मल्टिपल. मी तर दहा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं सगळ्यांनी मल्टिपलच घ्या

विलासकाका: दहा वर्षांपूर्वी क्रूझ कुठे ठरली होती शेखरराव

माई: मला दिसत नाही बारीक. पूजाला विचारते सकाळी.

वैशालीवहिनी: बाबा?

नंदूकाका: ०१ आहे.

नंदूकाका: हिचाही ०१.

सुधाआत्या: अरे देवा

मंदारदादा: काका, आपल्या सगळ्यांचा अर्ज एकाच एजंटने भरला ना?

नंदूकाका: आमचा नाशिकच्या माणसाने भरला. मी सांगितलं होतं त्याला क्रूझ आहे. तो म्हणाला युरोपात एकदाच जाताय ना, मग सिंगल.

विलासकाका: दादा सोड, काही बोलत नाही

सुधाआत्या: विलास नकोच बोलूस. वैशाली तू पहिल्याच दिवशी विचारलंस ना ग, आम्ही सगळे ठेपल्यात

वैशालीवहिनी: असू दे आत्या. मी व्हिसा सेंटरला सकाळी फोन लावते. तोच व्हिसा बदलून मिळेल असं वाटत नाही, नव्याने अर्ज करावा लागेल. फी ६० युरो आणि वर सेंटरचा चार्ज, माणशी. साधारण १५ दिवस धरतात. जुलै आहे, वेळ आहे, पण आत्ताच केलं तर

नंदूकाका: पैशाचा प्रश्न नाही. परत मुंबईला जायचं बोटांचे ठसे द्यायला?

प्राजक्ता: ठसे ५ वर्षं चालतात काका, बहुतेक परत द्यावे लागणार नाहीत. तरी विचारून घेऊ

शेखरमामा: माझ्या ओळखीचा एक जण आहे व्हिसाचं काम करणारा

सुधाआत्या: नको

मंदारदादा: नको मामा

विलासकाका: निकितिनला ओळखीने घोडा मिळाला, व्हिसा नाही

प्राजक्ता: पीटर्सबर्गचं मग काय? प्रायव्हेट टूर कन्फर्म करू? दोघांकडेही आगाऊ पैसे नाहीयेत, त्यामुळे काका-काकूंचा व्हिसा येईपर्यंत नावं घालून ठेवता येतील, नंतर बदलता येतात

सुधाआत्या: कर. आणि त्या एजंटला मी सांगते जहाजाची नको म्हणून. काय काय ऐकवणार आहे मी त्याला

नंदूकाका: करा. पण ३ म्हणजे ३. साडेतीन नाही.

वैशालीवहिनी: बाबा, गुरुवारी ११ ची अपॉइंटमेंट मोकळी दिसतेय, घेऊ? कव्हरिंग लेटरमध्ये या वेळी जहाजाचा पूर्ण मार्ग लिहायचा, पीटर्सबर्ग मध्ये येतं ते ठळक. मी लिहून पाठवते, तुम्ही सही करा. बँक स्टेटमेंट मात्र ताजं लागेल, तीन महिन्यांचं

नंदूकाका: घे. स्टेटमेंट उद्या आणतो. पेन्शनचं खातं की एफडीवालं?

वैशालीवहिनी: दोन्ही आणा बाबा. आणि शिक्का मारून आणा, मागच्या वेळी शिक्का नव्हता