शब्दचर्चा: ‘टाइप स्पेसिमेन’ला मराठीत काय म्हणावं?

तलावपाळीकर: येऊरच्या पायथ्याच्या एका शाळेसाठी रानपिंगळ्यावर फलक लिहितोय. ‘टाइप स्पेसिमेन’पाशी अडलो. मी ‘मूळ नमुना’ लिहिलंय, गटातले एक सर ‘आदर्श नमुना’ लिहा म्हणतात. काय ठेवू?

ऐरोलीचा बगळा: ‘आदर्श’ नकोच. टाइप म्हणजे त्या जातीतला सगळ्यात देखणा पक्षी नव्हे. पिसं झडलेला, नीट न वाढलेलाही असू शकतो. नव्या जातीला नाव देताना ते ज्या पक्ष्याला बांधलं, तो टाइप.

शहापूरची सून: मग ‘वानगी’? माझे सासरे तांदूळ घेताना पोत्यात हात घालून मूठभर काढतात, त्याला वानगीच म्हणतात.

ऐरोलीचा बगळा: शब्द गोड आहे, पण वानगी पोत्याची खात्री देते. टाइप फक्त नावाची देतो. उद्या एका जातीच्या दोन जाती ठरल्या, तर जुनं नाव कोणाकडे राहणार हे संग्रहालयात जपलेल्या त्या एका पक्ष्याच्या कातड्यावरून ठरतं.

तलावपाळीकर: ‘नमुना’ तरी चालेल ना? फारसीतून आलेला शब्द, पण आता घरचाच. सात-बारासुद्धा ‘गाव नमुना सात’ आणि ‘बारा’.

शहापूरची सून: आणि आमच्या घरात एकदोन चालते-बोलते नमुने आहेत ते वेगळेच.

घोडबंदरचा कारकून: ‘नमुना’ ठेवा, माझी तक्रार ‘मूळ’वर आहे. तुमच्याच पक्ष्याची गोष्ट घ्या. पक्षी गोळा करणाऱ्या ब्लूइटनं १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडात बसना गावाजवळ हा पिंगळा मारला. पक्षिशास्त्रज्ञ ह्यूमनं १८७३ मध्ये आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ नियतकालिकात त्याचं वर्णन छापून ब्लूइटचं नाव दिलं. ब्लूइटनं मारलेला तो पक्षी म्हणजे टाइप. पुढे खानदेशात डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं आणखी काही पक्षी मिळवले. १८८४ नंतर पक्षी दिसेनासा झाला, संग्रहालयांत उरली सगळी मिळून सात कातडी. त्यांतल्या एकावर माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षी-संग्राहकाची चिठ्ठी: १९१४, मांडवी, गुजरात. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षितज्ज्ञांनी ते क्ष-किरणांखाली पाहिलं, तर कातडं भरण्याची धाटणी डेव्हिडसनची निघाली. संग्रहातला पक्षी चोरून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी डकवली होती. मांडवीची नोंद रद्द झाल्यावर लक्ष खऱ्या चिठ्ठ्यांकडे, म्हणजे खानदेशाकडे गेलं आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी सापडला, ११३ वर्षांनी.

आता सांगा, या गोष्टीत ‘मूळ नमुना’ कोणता? चोरीला गेलेला डेव्हिडसनचा पक्षी त्या खोट्याचा ‘मूळ’ आहे, पण टाइप नाही. फलक वाचणारं पोर दोन्ही एकच समजेल.

तलावपाळीकर: गंमत म्हणजे माझ्या मसुद्यात दोन्हीकडे ‘मूळ’च आहे!

ऐरोलीचा बगळा: शिवाय काही वेळा मूळ वर्णनात चार-पाच पक्षी असतात आणि नाव कोणाला बांधायचं ते नंतरचा अभ्यासक त्यांतून निवडतो. ‘मूळ’मध्ये ती निवड दिसत नाही. मी ‘नामाधार नमुना’ सुचवेन.

शहापूरची सून: सरकारी वाटतो. ‘बारशाचा नमुना’ म्हणा. बारसं झालं ते त्याच पिंगळ्याचं, गाव मात्र सगळं त्याच नावानं ओळखू लागलं.

घोडबंदरचा कारकून: हसू नका, पोरांना हाच कळेल. वर ‘नामाधार नमुना’, खाली ‘म्हणजे बारशाचा’. आणि ‘मूळ’ फक्त चोरीच्या परिच्छेदात.

तलावपाळीकर: ठरलं. २०१४ मध्ये हा पिंगळा आपल्या तानशाच्या अभयारण्यात दिसला, तेही खाली टाकतो.

ऐरोलीचा बगळा: जरूर टाका. आणि ‘पेंढा भरलेला’ लिहिलं असेल तर काढा. अभ्यासाच्या कातड्यात कापूस असतो.