अलिबाग–रेवदंडा सायकलने: मुलांना झेपेल का?

बी-४०३: भाऊबीज झाली की चार घरं मिळून अलिबागला जातोय, शुक्रवार ते रविवार. सायकली न्यायचा विचार आहे. मुलं ११ ते १४ वर्षांची, मोठ्यांत रोज चालवणारं कोणी नाही. मुरुडपर्यंत होईल का?

ए-१०१: मुरुड डोक्यातून काढा. रेवदंड्याचा पूल ओलांडून साळाव सोडलं की काशीदपर्यंत चढउतार आहेत. चढावर मुलं सायकल ढकलणार, उतारावर मागून गाड्या हॉर्न देणार. अलिबाग–अक्षी–नागाव–चौल–रेवदंडा करा आणि पुलाच्या अलीकडून मागे फिरा. एका बाजूने १७-१८ किमी, जवळजवळ सपाट, बराच भाग नारळी-पोफळीच्या सावलीतला.

सी-७०२: काकांशी सहमत. फक्त अंतरापेक्षा वेळ सांभाळा. दिवाळीनंतर कोकणात दुपारचा वारा समुद्रावरून, वायव्येकडून येतो. जाताना तो पाठीशी असतो म्हणून सगळे खूश, आणि परतताना तोच तोंडावर. साडेबारा-एकला रेवदंड्याहून निघालात तर तेच १७ किमी दुप्पट वाटतील. साडेसहाला अलिबाग सोडा, सव्वाआठला रेवदंडा, साडेदहा-अकराच्या आत परत.

बी-४०३: साडेसहा? सुट्टीत? 😅

सी-७०२: हो 😀 नऊनंतर त्या रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. वाड्यांच्या गडग्यांमुळे वळणावर पलीकडचं काही दिसत नाही. घंटी प्रत्येक सायकलला हवीच. पुढे एक मोठं माणूस, मागे एक, मुलं मधे, एकामागे एक. दोघं शेजारी गप्पा मारत चालले की घात.

डी-२०५: सायकली न्यायच्या कशा? गाडीच्या मागे बांधून?

ए-१०१: पट्ट्यांचा रॅक चालतो, पण नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात, तेवढं बघा. त्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो (गाड्यांसकट माणसं नेणारी बोट) घ्या, तासाभराचा प्रवास, सायकल चालवतच आत न्यायची. तिकीट आधी काढा. गेटवेच्या कॅटमरानवर (प्रवासी बोटीवर) सायकलचा भरवसा धरू नका. मांडवा ते अलिबाग साधारण २० किमी. शुक्रवारी दुपारची बोट धरलीत तर तोच वारा पाठीशी मिळेल. वाटेत सासवन्याला शिल्पकार करमरकरांचं शिल्पालय आहे, मुलांना तिथे थांबवाच.

ई-६०१: आणि समुद्रावरून चालवायची नाही का? आमच्या मुलांना तेच हवंय!

सी-७०२: चालवा, पण ओहोटी बघून. कोकणातला हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. शनिवारी षष्ठी आहे, म्हणजे ६ चे पाऊण, साडेचार. भरती पहाटे साडेचारला, ओहोटी सहा तासांनी, साडेदहाला. कृष्णपक्षातही प्रतिपदेपासून असंच मोजायचं. थोडंफार मागेपुढे होतं, पण बेत आखायला पुरे. म्हणून जाताना रस्त्याने जा आणि परतताना नऊच्या सुमारास नागावला किनाऱ्यावर उतरा. ओल्या, घट्ट वाळूचा पट्टा तोवर मोकळा होतो. कोरड्या वाळूत चाक रुतलं की खाली उतरून ओढायचंच, गिअर कितीही असोत.

ए-१०१: अक्षीला खाडीच्या मुखाआधी रस्त्यावर या. पाणी गुडघाभर दिसलं तरी तिथून सायकल पलीकडे न्यायची नाही, वाळू भुसभुशीत आणि ओढ जोरात. कुलाबा किल्ल्यालाही ओहोटीत चालतच जा. खडकांवर कालवं असतात, त्यांच्या कडा टायर चिरतात. पायात चपला हव्यात ते वेगळंच.

डी-२०५: हवा किती भरायची?

सी-७०२: टायरच्या कडेला लिहिलेली मर्यादा बघा. दोन इंची जाड टायर असेल तर ३५-४५ पीएसआय, हायब्रिड सायकलच्या ७००×३५ मापाच्या बारीक टायरला ५५-६५. घरातल्या सायकली निम्म्या हवेवर उभ्या असतात, मग खड्ड्यात रिम आणि रस्त्यामधे ट्यूब चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. तसं झालं तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती. आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह, म्हणजे हवा भरायचं तोंड, आत्ताच बघून घ्या! बारीक, प्रेस्टा प्रकारचा असेल तर गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप बसत नाही, पितळी अडॅप्टर लागतो. मापाची एक ट्यूब, टायर रिमवरून काढायचे दोन लिव्हर आणि छोटा पंप, एवढं चार घरांत मिळून एक पुरे.

ई-६०१: सीटचं पण सांगा. मागच्या वेळी सगळ्यांचे गुडघे गेले होते.

ए-१०१: सीट खाली होती म्हणून. टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना चवडा पेडलवर आला की गुडघा थोडा वाकलेला राहतो. फक्त दांड्यावरच्या खुणेच्या वर सीट काढू नका.

ई-६०१: पाणी?

ए-१०१: तासाला अर्धा लिटर माणशी. वाटेत दुकानं आहेत, ओझं नको. थांबे असे धरा: अक्षीला शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ चा शिलालेख, चौलला रामेश्वराचं देऊळ आणि पुष्करणी, रेवदंड्याला पोर्तुगीज कोटाचा तट. चौलच्या दत्ताच्या पायऱ्या त्याच दिवशी नकोत, पाय परतीला लागतात. दत्तजयंतीच्या जत्रेत तर तो रस्ताच विसरा.

सी-७०२: किनाऱ्यावरून आलात की त्याच दिवशी गोड्या पाण्याने सायकल धुवा. साधा मग पुरे, जोराचा फवारा हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) मारू नका, बेअरिंगमधे पाणी शिरतं. चेन फडक्याने कोरडी करून कडी-कडीला एक थेंब तेल, जास्तीचं पुसून टाका. खारं पाणी रात्रभर राहिलं की सकाळी चेनला तांबेरा आलेला दिसतो. डिस्क ब्रेक असेल तर तेलाचा थेंबसुद्धा डिस्कवर नको, ब्रेक लागायचाच नाही.

बी-४०३: ठरलं, रेवदंडा. आमच्या दोन सायकलींना प्रेस्टा निघाला. अडॅप्टर आहे का कोणाकडे?

सी-७०२: दोन आहेत. संध्याकाळी वॉचमनकडे ठेवते.